तिरपे झालेले चाक
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून छायाचित्र दाखवता येत नाही, म्हणून आधी त्याचे वर्णन करतो. फ्रान्समधला एक रस्ता. शर्यतीची एक मोटार उजवीकडे चौकटीबाहेर निघाली आहे, इतकी की तिचा पुढचा भाग कापलाच गेला आहे. टाकीवर ६ हा आकडा. वर चालक आणि त्याचा मेकॅनिक. मागचे चाक वाटोळे नाही. अंड्यासारखे लांबट होऊन पुढे झुकलेले आहे. कडेला उभे असलेले प्रेक्षक आणि खांब मात्र उलट दिशेला कललेले, वाऱ्याने ज्वारी आडवी व्हावी तसे. वेग इतका जाणवेल असे मोटारींच्या शर्यतीचे दुसरे छायाचित्र मी पाहिलेले नाही.

ते काढले झाक आंरी लार्तिग या तरुणाने. जन्म १८९४. घरची श्रीमंती, वडिलांनाही छायाचित्रणाची हौस, त्यामुळे सात-आठ वर्षांचा असतानाच कॅमेरा हाती आलेला. पुढे आयुष्यभर तो स्वतःला चित्रकार म्हणवत राहिला, ही गोष्ट वेगळी.

आता चाक तिरपे का झाले? त्याच्या कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटेपुढे एक पडदा होता आणि त्या पडद्याला एक आडवी फट. बटण दाबले की फट वरून खाली सरके. प्लेटेच्या प्रत्येक पट्टीवर प्रकाश पडे तो क्षणभरच. पण फटीला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागे. भिंगातून प्रतिमा उलटी पडते, म्हणून फट आधी रस्ता टिपते, मग चाकाचा खालचा भाग, मग वरचा, आणि शेवटी चालकाचे डोके. तेवढ्यात मोटार पुढे सरकलेली असते. ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. सेकंदाच्या विसाव्या भागात दीड मीटर! म्हणून चाकाचा माथा बुडाच्या पुढे गेला.

आणि प्रेक्षक? लार्तिग मोटारीबरोबर कॅमेरा वळवत होता. आपण ज्याला पॅनिंग म्हणतो तेच. कॅमेरा उजवीकडे वळला की स्थिर माणसे चौकटीत डावीकडे सरकतात, म्हणून ती डावीकडे कलली. त्याचे वळणे मोटारीइतके वेगवान असते, तर चाक वाटोळे आले असते आणि चित्र सामान्य झाले असते. तो मागे पडला, म्हणूनच दोन्ही गोष्टी एकमेकींपासून फाटल्यासारख्या दिसतात.

हे चित्र फसले म्हणून त्याने बाजूला टाकले होते, असे सांगतात. मला ते खरे वाटते. त्या काळी मोटार स्पष्ट, पूर्ण आणि मधोमध यावी अशीच अपेक्षा असे. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन झारकोव्स्की यांनी त्याचे प्रदर्शन भरवले, तेव्हा लार्तिग ६९ वर्षांचा होता. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली ती नेमकी केनेडींच्या हत्येच्या अंकात. तो अंक घरोघर गेला. चित्राखाली वर्षानुवर्षे ‘देलाज मोटार, १९१२’ असे छापले जाई. पुढे अभ्यासकांनी मोटारीचा आकडा आणि शर्यतींच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा ती १९१३ च्या आमियांच्या शर्यतीतली श्नायडर निघाली.

मी मोटारींच्या शर्यतींची छायाचित्रे काढतो. नवी मुले विचारतात, शटर किती ठेवू? बहुतेकांचे ठेवलेले असते हजार किंवा दोन हजार. ताशी १८० च्या मोटारीला हजाराव्या भागात जेमतेम ५ सेंटिमीटर जाता येते. चित्र लख्ख येते, चाकाच्या आऱ्या मोजता येतात. आणि मोटार गॅरेजसमोर उभी असल्यासारखी दिसते! साठाव्या भागात तीच मोटार ८३ सेंटिमीटर जाते. कॅमेरा तिच्याबरोबर वळवला तर ती स्पष्ट राहते, मागचे सगळे रेषा रेषा होऊन वाहते. दहा चित्रांतली आठ वाया जातात, ते धरून चालावे. कडक उन्हात आणखी एक अडचण: १०० आयएसओला छिद्र एफ १६ केले तरी शटर सव्वाशेच्या आसपासच येते. साठावर उतरायचे तर एफ २२ करावे नाहीतर भिंगावर काळसर फिल्टर चढवावा. मीटरवरही फार विसंबू नये. पांढरी मोटार आली की तो चित्र काळवंडून टाकतो, काळी आली की उजळतो. त्यापेक्षा रस्त्याच्या डांबरावर माप घेऊन ते कायम करावे.

मांडणीचा पाठ सगळीकडे एकच सांगतात, मोटारीपुढे मोकळी जागा सोडा. चांगला पाठ आहे, शंभरातल्या नव्वद चित्रांना लागू पडतो. लार्तिगच्या चित्रात पुढे जागाच नाही. मोटार हातातून निसटली आहे, आणि पाहणाऱ्यालाही ती निसटल्याचेच जाणवते.

ती सरकती फट आता तुमच्या खिशात आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पडदा नाही, पण बहुतेक मोबाइलमध्ये चित्र ओळीओळीने, वरून खालीच वाचले जाते. पुण्याहून मुंबईला जाताना गाडीने वेग घेतला की खिडकीशी मोबाइल आडवा धरा आणि रुळालगतच्या खांबांचा फोटो काढा. खांब तिरके येतील.