हिमबिबळ्याचे छायाचित्र आणि पाठीवरचे ओझे



माझे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटासमोर झाले. तेव्हा आजचा इतिहास मी पंडिताच्या नव्हे, मजुरीचा हिशेब ठेवणाऱ्याच्या नजरेने सांगणार आहे. निमित्त साधे आहे. येत्या माघ-फाल्गुनात आम्ही पाच मित्र लडाखात हिमबिबळ्या पाहावयास आणि जमल्यास त्याचे छायाचित्र घेण्यास निघत आहोत.

हा प्राणी उंच डोंगरांतला. राखी अंगावर काळपट ठिपके, शेपूट जवळजवळ अंगाएवढे लांब. तो वाघासारखी डरकाळी फोडीत नाही. आणि खडकावर निजला तर खडकच वाटतो. म्हणूनच कॅमेऱ्याला तो फार उशिरा सापडला. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाने 1970 साली चित्रालच्या डोंगरांत बकऱ्यांचे आमिष लावून एका मादीची छायाचित्रे घेतली. ती 1971 मध्ये ‘नॅशनल जिऑग्रॅफिक’मध्ये आली तेव्हा रानातला हिमबिबळ्या जगाने पाहिला.

1973 च्या सप्टेंबरअखेर शॅलर आणि लेखक पीटर मॅथिसन पोखऱ्याहून डोल्पोकडे पायी निघाले. शॅलरला भरल या रानमेंढ्यांचा अभ्यास करावयाचा होता. हिमबिबळ्या दिसला तर तो लाभ. मॅथिसनला तो दिसलाच नाही. तरीही 1978 साली त्याने त्या प्रवासावर लिहिलेले पुस्तक जगभर गाजले. ते वाचताना माझे लक्ष मात्र भलतीकडे गेले. हमाल मिळवायचे, ते परत फिरले की नवे शोधायचे, यातच त्यांचे कितीएक दिवस गेले. अपुऱ्या कपड्यांनिशी बर्फाची खिंड ओलांडायला हमाल नाखूष असत. कोणी त्यास हट्ट म्हणेल. आमच्या धंद्यात त्यास कामाच्या अटींचा प्रश्न म्हणतात.

पुढे रॉडनी जॅक्सन याने पश्चिम नेपाळातील लांगू खोऱ्यात 1982 पासून हिमबिबळ्यांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधले. जनावराचे पाऊल पडताच आपोआप चित्र निघावे अशी योजनाही त्याने वाटेवर केली. पण शास्त्र पुढे गेले तरी मेंढपाळाचे दुःख जागच्या जागीच होते. बिबळ्या रात्री गोठ्यात शिरला तर एका मेंढीवर थांबत नाही. वर्षाची कमाई एका रात्रीत जाते. मग गावकरी त्याला मारीत. त्यांना दोष देणे सोपे आहे. ज्याची मेंढी जाते त्यालाच ते कळते.

लडाखात यावर तोड निघाली ती कायद्याच्या काठीने नव्हे. हेमिस राष्ट्रीय उद्यान 1981 सालीच झाले होते. परंतु गोठ्यांवर जाळीचे छप्पर आणि भक्कम दार आले, आणि 2002 च्या सुमारास रुंबाकसारख्या गावांत प्रवाशांना घरी उतरवून घेण्याची प्रथा सुरू झाली, तेव्हा बिबळ्याला जिवंत ठेवण्यात गावाचा लाभ दिसू लागला. पाहुणे घराघरांत पाळीपाळीने वाटले जातात. उत्पन्नाचा काही भाग गावाच्या निधीत जातो. काम पाळीने वाटावे, हे तत्त्व आम्ही संपांतून शिकलो. त्या बायाबापड्यांनी ते चुलीजवळ बसून ठरविले! 2024 साली जाहीर झालेल्या गणनेत भारतात 718 हिमबिबळे असावेत असा अंदाज आला. त्यांपैकी 477 एकट्या लडाखात.

आता आमच्या बेताकडे येतो. काळ हिवाळ्याचा, कारण तेव्हा भरल खाली उतरतात आणि त्यांच्यामागे बिबळ्याही. लेह साडेतीन हजार मीटरांवर. तेथे दोनतीन दिवस स्वस्थ बसून शरीराला विरळ हवेची सवय करावी लागते. थंडीने बॅटऱ्या मान टाकतात, म्हणून त्या अंगाशी धराव्या लागतात. येथवर एकमत होते. वाद झाला पैशांवरून. आमच्यातील एका निवृत्त फिटरने मोठी दुर्बीणभिंग घेण्याचा आणि माग काढणारा स्थानिक माणूस चारच दिवस ठेवण्याचा हिशेब मांडला. मी विरोध केला, आणि आवाज चढवूनच केला.

त्याचे कारण मी तेथे बोललो नाही, येथे बोलतो. पूर्वी एका कारखान्यात आम्ही चांगला करार केला. कायम कामगारांचे पगार वाढले, गुलाल उधळला. फाटकावर माल चढविणारे कंत्राटी हमाल त्या करारात नव्हते. त्यांच्यापैकी एकाने मला विचारले, “साहेब, आमचं कोणत्या पानावर आहे?” करारावर सही माझी होती. माझ्याजवळ पान नव्हते.

शेवटी भिंग भाड्याने घ्यायचे ठरले. माग काढणारा, स्वयंपाकी आणि हमाल यांची दहाही दिवसांची मजुरी पहिल्या पानावर लिहिली. बर्फाने वाट अडली आणि काम बंद राहिले तरी ती कापायची नाही. फिटरमित्र अजून थोडा रुसलेला आहे. हिमबिबळ्या दिसेल की नाही, हे बिबळ्याच्या हाती आहे. मजुरी चुकती करणे आमच्या हाती आहे, आणि तेवढे आम्ही निघण्यापूर्वीच ठरविले आहे.