बहात्तरचा दुष्काळ आणि खडीवरच्या बाया



मागच्या खरिपात पेरणी झाली आणि पावसानं तीन आठवडे ओढ दिली. सोयाबीननं माना टाकल्या. त्या महिन्याच्या बैठकीत गटातली एकजण हळूच म्हणाली, "ताई, मी डोरलं गहाण टाकीन, पण रोजगार हमीवर काम मागायला जाणार नाही. लोक काय म्हणतील?" कोपऱ्यात बसलेल्या आमच्या आजी म्हणाल्या, "अगं, बहात्तर साली सगळं गाव खडीवर होतं. कोण कुणाला हसणार?"

आज तोच इतिहास सांगते.

१९७२ चा दुष्काळ एका वर्षात आला नाही. आधीची दोन वर्षंही पाऊस कमीच झाला होता, त्यामुळे घरातल्या कणग्या रिकाम्या होत्या. मग १९७२ चा पावसाळा कोरडा गेला. खरीप करपला, आणि जमिनीत ओलच नाही म्हटल्यावर रब्बीच्या ज्वारीचीही आशा संपली. नगर, सोलापूर, पुणे, सातारा, सांगली, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद या भागांत हाल झाले. जनावरं कवडीमोलानं विकली गेली. पोरांच्या शाळा सुटल्या.

तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारनं गावोगावी दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, आणि खडी फोडणं. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, आणि त्यात बायांची संख्या फार मोठी होती. आजी सांगतात, झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची, तान्हं त्यात घालायचं आणि हातोडी उचलायची. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची. पोरांना सुकडी मिळायची.

कामावर भूमिहीन होते तसे जमीनवालेही होते. एरवी उंबरा न ओलांडणाऱ्या घरच्या सुना मजूर बायांच्या शेजारी बसून खडी फोडत होत्या. पगार उशिरा व्हायचा, ऊन डोक्यावर असायचं, हाताला फोड यायचे. ते दिवस चांगले होते असं कुणी म्हणणार नाही. पण आजींचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं: "हजेरीपटावर माझं नाव पहिल्यांदा तिथं लागलं. तोवर मी कुणाची तरी सून होते."

याच काळातून एक मोठी गोष्ट उभी राहिली. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. दुष्काळानं त्याची गरज साऱ्या राज्याला पटवली. १९७७ साली महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला गेला. म्हणजे गावातल्या बाईच्या हाताला काम मिळावं म्हणून शहरातल्या पगारातून पैसा येऊ लागला. पुढे २००५ साली देशानं असाच कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

म्हणून मैत्रिणींनो, काम मागणं ही भीक नव्हे. आपल्या सासवांनी, आज्यांनी उन्हात बसून फोडलेल्या खडीतून तो हक्क तयार झाला आहे. त्यांनी खोदलेल्या पाझर तलावांच्या काठच्या विहिरींना अजूनही पाणी लागतं. आपण त्या तलावावरून रोज जातो, पण तो कुणी खोदला हे विचारत नाही.

आमच्या गटातल्या त्या बाईनं डोरलं गहाण टाकलं नाही. चौघींनी मिळून ग्रामपंचायतीत कामाची मागणी लेखी दिली. पोच हातात पडल्यावर तिच्यावर तारीख आहे का, ते आधी पाहिलं. तारीख नव्हती, म्हणून घालून घेतली. आजी सोबत गेल्या होत्या, बाहेर ओट्यावर बसून होत्या.

तुमच्याही गावात बहात्तर पाहिलेली एखादी आजी असेल. पुढच्या बैठकीला तिला बोलवा. कोणता तलाव, कोणता रस्ता तिच्या हातचा आहे, ते विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. हजेरीपट कधीच रद्दीत गेले असतील, ती आहे तोवर विचारून घ्या.