शेवटी जाणाऱ्याने दिवा मालवावा

शाळेच्या प्रयोगशाळेत दिवसभर ये-जा चालू असते. मग दिवे बंद कोणी करायचे? ‘शेवटी जाईल त्याने’ हे उत्तर सोपे आहे. पण आपणच शेवटचे, हे कळायचे कसे? दाराशी एक फळा लावू या. आत येणाऱ्याने त्यावरचा आकडा एकने वाढवायचा, जाणाऱ्याने एकने कमी करायचा. ज्याच्या हातून शून्य लिहिले जाईल, त्याने दिवे मालवायचे.

संगणकाच्या स्मृतीतली जागा मोकळी करण्याची एक जुनी पद्धत नेमकी अशीच आहे. १९६० च्या सुमारास स्मृती फार थोडी असे. म्हणून एकच माहिती अनेक याद्यांना लागली, तर ती एकाच जागी ठेवून सगळ्या याद्यांत तिचा पत्ता लिहीत. पण एक यादी पुसताना दुसरीला लागणारा भागही पुसला गेला तर? जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये लिस्प या भाषेसाठी एक उपाय मांडला : जागा संपली की काम थांबवायचे, वापरातल्या वस्तूंवर खुणा करायच्या आणि बिनखुणेच्या गोळा करायच्या. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरा उपाय सुचवला. तो म्हणजे आपला फळा, अर्थात संदर्भ-गणना.

या पद्धतीत एक उणीव होती. दोन वस्तू एकमेकींचा पत्ता धरून बसल्या, तर बाहेरून त्यांना कोणीही वापरत नसले तरी आकडा शून्यावर येत नाही. हॅरोल्ड मॅकबेथ यांनी १९६३ मध्येच हे दाखवून दिले.

तरीही ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ही पद्धत सोयीची ठरली. सगळे काम थांबवून झाडलोट करत बसणे कर्नलला परवडत नाही. १९७१ च्या युनिक्समध्ये प्रत्येक फाइलसोबत तिला किती नावे आहेत याचा आकडा असे. फाइल ‘काढून टाकली’ की एक नाव पुसले जाई. नावे शून्य झाली आणि फाइल उघडून बसलेलाही कोणी उरला नाही, की मगच डिस्कवरची जागा मोकळी होई.

आता वर्गात एक प्रयोग करू या. फळ्यावर ५ लिहून दोन विद्यार्थ्यांना एकाच वेळी ‘एक मिळवा’ असे सांगा. दोघेही ५ वाचतात, मनात बेरीज करतात आणि ६ लिहितात. व्हायला हवे होते ७! एकाहून अधिक प्रोसेसर असले की कर्नलमध्येही हेच घडू शकते. म्हणून वाचणे, बदलणे आणि लिहिणे या तिन्ही पायऱ्या मध्ये कोणाला शिरू न देता एका दमात करणारी आज्ञा वापरावी लागते. लिनक्समध्ये २००४ साली या हिशेबासाठी ‘केरेफ’ नावाची सामायिक सोय आली. शेवटचा संदर्भ सुटला की साफसफाईचे काम तीच सुरू करून देते.

पण आकडा कमी करायला विसरणारा माणूसच असतो. जानेवारी २०१६ मध्ये लिनक्समधली अशीच एक चूक उघडकीस आली. किल्ल्या जपणाऱ्या भागात एका वाटेवर आकडा वाढत होता, पण कमी होत नव्हता. आकड्याला जागा होती ३२ बिटांची. तीच मागणी ४,२९,४९,६७,२९६ वेळा केली, की मोटारीच्या मीटरसारखा तो फिरून शून्यावर येई. वस्तू वापरात असतानाच तिची जागा मोकळी होई आणि तिथे आपला मजकूर घुसवून साध्या वापरकर्त्याला संगणकाचा पूर्ण ताबा घेता येई.

२०१७ मध्ये लिनक्सने नव्या प्रकारचा गणक आणला. तो मर्यादेबाहेर गेला की फिरून शून्यावर येत नाही. एका मोठ्या आकड्यावर अडकून राहतो आणि इशारा देतो. ती वस्तू मग कधीच पुसली जात नाही, थोडी जागा वाया जाते. हे जाणूनबुजून पत्करलेले नुकसान आहे. प्रयोगशाळेत दिवा रात्रभर जळत राहिला तर वीज वाया जाते. पण कोणाच्या हातात आम्लाची बाटली असताना तो मालवला, तर अपघात होतो.