बूढापाऱ्याचं पाणी

आमची आजी रायपूरला नदीकाठचंच गाव म्हणायची. खारून नदी आमच्या बूढापाऱ्यापासून, म्हणजे बूढा तालाबाकाठच्या आमच्या मोहल्ल्यापासून, चांगली दोन कोसांवर, पण तिचा हिशेब पक्का होता. राजाचं गाव आधी महादेव घाटावर होतं, मग ते उठून वर तळ्याकाठी आलं, असं ती सांगे. इतिहास तिच्यापासून फार लांब जात नाही. घाटावरच्या हाटकेश्वराच्या देवळाचा शिलालेख 1402 चा, कलचुरी राजा ब्रह्मदेवाच्या काळातला. इंग्रजी अमदानीतलं गॅझेटियर सांगतं की इथला किल्ला 1460 मध्ये भुवनेश्वर सिंहानं बांधला आणि बूढा तालाबही त्याच वयाचा. म्हणजे पारा आमचा, पण मान पाण्याचा.

मग आले भोसले. महाराजबंध तळ्याजवळचं रामचंद्राचं देऊळ बिंबाजी भोसल्यांचं, 1775 चं. पुढं 1818 नंतर इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅग्न्यूनं रतनपूरचा कारभार इथं हलवला आणि गावाचं शहर होऊ लागलं. मराठी घरं टिकली, छत्तीसगढी बोलू लागली. माधवराव सप्रे इथलेच म्हणायचे. ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक त्यांनी 1900 साली पेंड्र्याहून काढलं, टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. त्यांच्या नावाची शाळा आमच्या तळ्याजवळच आहे.

आजोबांना मात्र नरेंद्राची, म्हणजे पुढच्या विवेकानंदांची, गोष्ट प्यारी. 1877 मध्ये वडिलांच्या वकिलीमुळं तो कलकत्त्याहून इथं आला. तेव्हा रायपूरला रेल्वे नव्हती, शेवटचा बराच प्रवास जंगलातून बैलगाडीनं झाला. दोनेक वर्षं तो राहिला. तळ्यात पोहायचा, असं आजोबा इतक्या खात्रीनं सांगत की जणू कपडे त्यांनीच सांभाळले होते! आता तळ्याच्या मधोमध विवेकानंदांचा भला थोरला पुतळा आहे आणि पाटीवर ‘विवेकानंद सरोवर’. रिक्षावाल्याला मात्र बूढा तालाबच सांगावं लागतं.

माझ्या वाट्याला आला तो शिंगाडा. थंडी पडली की ढीमर, म्हणजे मासेमार, पाण्यात उतरायचे, पसरलेली वेल उचलून तिच्या पोटाखालची फळं खुडायचे आणि टोपल्या भरून दारावर यायचे. हिरवे कच्चे आणि उकडून काळेकुट्ट झालेले, असे दोन ढीग. आजी काळे घ्यायची. दोन्ही बाजूंचे काटे आधी सुरीनं उडवायचे, मग मधोमध चीर, की पांढरा पिठूळ गर बाहेर. घाईत दातानं सोलला तर ओठ फाटलाच.

तो तलाव आता केवढा उरलाय? आजी म्हणे, पलीकडचा माणूस ओळखू यायचा नाही. मला ती बढाई वाटायची. पण गॅझेटियरही त्याचा मूळ पसारा जवळपास चौरस मैलाचा देतं आणि पुढच्या सुधारणांत तो कमी केला, असंही नोंदवतं. म्हणजे हे दुखणं आजचं नाही, इंग्रजांच्या काळापासूनचं. त्या सुधारणांत तळ्याचा काठ पिढ्यान्‌पिढ्या आतच सरकत गेला. किल्ल्याचा तर मागमूस नाही. आता जी कारंजी, बाकडी, ठेले मांडायची असतील ती खुशाल काठावर मांडा, पण पाण्यात आणखी एक टोपली मुरूम टाकू नका.