सातमाळेतील चढणीची वाट : भाषा आणि इतिहास

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षमळ्यांतून उत्तरेकडे पाहणाऱ्यास सातमाळ डोंगररांग एखाद्या तटासारखी भासते. वडाळीभोईवरून धोडांबे व पुढे हट्टी गाठले की शेती विरळ होत जाते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा रुक्ष प्रदेश. उन्हाळ्यात येथे गवत करपते, कातळ तापतो आणि वर चढणाऱ्यास आधार उरतो तो खडकात खोदलेल्या टाक्यांतील पाण्याचा. समुद्रसपाटीपासून 4,700 फुटांहून अधिक उंच असलेला धोडप या रांगेचा मुकुटमणी होय. त्याची कातळशेंडी आणि तिच्यापासून निघालेली, मध्येच खाच पडलेली दगडी भिंत दुरूनही ओळखू येते.

असा डोंगर मनुष्यस्पर्शापासून अलिप्त राहिलेला असावा, ही समजूत स्वाभाविक आहे. परंतु ती टिकत नाही. प्रथम भाषेचीच साक्ष घ्यावी. रांग ओलांडण्याच्या खिंडीस येथे ‘बारी’ म्हणतात. कांचनबारी, राहुडबारी ही त्याची उदाहरणे. संस्कृत ‘द्वार’ शब्दाच्या कुळातील हा शब्द गुजरातीत खिडकीचा वाचक आहे. कड्याखालील सपाटीस ‘माची’ म्हणतात, आणि तिचे नाते ‘मञ्च’ शब्दाशी आहे. म्हणजे ज्यांनी ही नावे दिली, त्यांना डोंगर हा घरासारखा परिचित होता. त्याला दारे होती आणि बसावयास ओटेही होते.

या दारांचे महत्त्व राजकारणानेही ओळखले होते. 1635-36 मध्ये शहाजहानचा सरदार अलावर्दीखान याने या रांगेतील किल्ले जिंकले. इंद्राईवरील फारसी शिलालेख त्या मोहिमेची नोंद करतो. ऑक्टोबर 1670 मध्ये सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांची दाऊदखान कुरेशीशी लढाई झाली, ती कांचनबारीच्या परिसरात. तेथे प्रश्न शिखराचा नसून वाटेचा होता : बारी हाती राहिली तरच संपत्ती सुखरूप पुढे जाणार होती. याउलट जून 1768 मध्ये राघोबादादांनी धोडपचा आश्रय केला. थोरल्या माधवरावांच्या फौजेपुढे त्यांचा पराभव झाला आणि अखेरीस शनिवारवाड्यातील नजरकैद त्यांच्या वाट्यास आली. दुर्गम कडा आश्रय देतो. पण सभोवतीचा मुलूख शत्रूच्या हाती गेला की तोच कडा कोंडीही करतो.

1818 च्या एप्रिलमध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या इंग्रज फौजेने राजधेरला वेढा दिला. किल्ल्यात आग लागली, शिबंदी निघून गेली, आणि त्यानंतर आसपासच्या किल्ल्यांचा प्रतिकारही मावळला. या मोहिमेनंतर विजेत्यांनी जे केले, ते चढणीच्या इतिहासात निर्णायक ठरले. पुन्हा कोणी बंड करून किल्ल्याचा आश्रय घेऊ नये म्हणून नाशिक भागातील अनेक दुर्गांची तटबंदी पाडण्यात आली व पायऱ्या सुरुंगाने उडविण्यात आल्या. राजधेरला आज वर जावयाचे तर जेथे पूर्वी पायऱ्या होत्या, तेथे लोखंडी शिडीचा आधार घ्यावा लागतो.

या एका गोष्टीचा अर्थ दूरवर पोहोचतो. कातळास बोटे रुतवून चढणारा आजचा गिर्यारोहक ज्या अवघडपणाचे श्रेय निसर्गास देतो, त्याचा काही भाग मनुष्यानेच निर्मिलेला आहे. फुटलेल्या पायरीच्या जागी उरलेला गुळगुळीत उतार हा निसर्गाचा हट्ट नसून एका राजवटीने मुद्दाम घेतलेल्या खबरदारीची खूण आहे. वाट बंद झाली की प्रथम पहारेकरी जातो, मग तेथील वस्ती, आणि पुढे टाकी गाळाने भरतात. दोन-तीन पिढ्यांत स्थळ ‘निर्जन’ म्हणून ओळखले जाऊ लागते, आणि ते सदैव तसेच होते असा समज दृढ होतो.

म्हणून सातमाळेचा अभ्यास करताना तट, बुरूज व दरवाजे यांची मोजमापे पुरेशी नाहीत. कोणती पायरी झिजलेली आहे आणि कोणती फोडलेली आहे, हेही पाहावयास हवे. झीज शतकांच्या वापराची साक्ष देते. फोड एका आज्ञेची. त्याबरोबरच हट्टी, धोडांबे यांसारख्या गावांतील वृद्धांच्या तोंडी असलेली वाटांची, घळींची व टाक्यांची नावे वेळीच टिपून घेणे अगत्याचे आहे. पायरी फुटली तरी तिचे नाव काही काळ टिकते. नावही लोपले, तर मात्र त्या कड्यावर कधी वाट होती, हे सांगणारे काहीच उरणार नाही.