हातांवरची नावे : जगातील नेते आणि धर्मपुरुष सांकेतिक भाषेत कसे ओळखले जातात?

दहा डिसेंबर २०१३. जोहान्सबर्गच्या स्टेडियममध्ये नेल्सन मंडेला यांना अखेरचे अभिवादन करण्यासाठी जगभरचे राष्ट्रप्रमुख जमले होते. अमेरिकेचे बराक ओबामा, क्युबाचे राऊल कॅस्ट्रो, भारताचे प्रणव मुखर्जी एकामागून एक व्यासपीठावर आले. प्रत्येकाच्या शेजारी सांकेतिक भाषेचा एक दुभाषी उभा होता आणि त्याचे हात अखंड हलत होते. मात्र, दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या कर्णबधिर प्रेक्षकांना त्यातून काहीच कळत नव्हते. ते हातवारे कोणत्याही भाषेचे नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील कर्णबधिरांच्या संघटनेने तातडीने निषेध नोंदवला आणि पाहता पाहता ही बातमी जगभर पोहोचली. ज्या दिवशी एका मोठ्या माणसाचे नाव साऱ्या जगाच्या ओठांवर होते, त्याच दिवशी त्याच्याच देशातील कर्णबधिरांपर्यंत त्या सोहळ्यातला एक शब्दही पोहोचला नाही.

या प्रसंगामुळे एक साधा प्रश्न पुढे आला. ऐकू न येणाऱ्या माणसासाठी मंडेला, ओबामा, येशू किंवा कृष्ण ही नावे नेमकी असतात तरी कशी? नाव हा आवाज आहे, असे आपण गृहीत धरतो. जगातील लक्षावधी लोकांसाठी मात्र नाव म्हणजे हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल असते.

एक भाषा नव्हे, अनेक भाषा

सांकेतिक भाषा जगभर एकच असते, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत इंग्रजी बोलली जाते. पण तेथील कर्णबधिरांच्या भाषा परस्परांना कळत नाहीत. अमेरिकी सांकेतिक भाषेचे नाते फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे. थॉमस गॅलॉडेट यांनी पॅरिसहून लॉरां क्लेर या कर्णबधिर शिक्षकाला अमेरिकेत आणले आणि १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे शाळा सुरू झाली, तेव्हापासूनचे हे नाते आहे. या भाषांना स्वतःचे व्याकरण असते, हे विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये अमेरिकी सांकेतिक भाषेच्या अभ्यासातून दाखवून दिले. त्यापूर्वी या भाषेकडे केवळ हावभाव म्हणून पाहिले जात असे.

भाषा वेगळ्या म्हणून नावेही वेगळी. एकाच नेत्यासाठी बर्लिनमध्ये एक खूण, लंडनमध्ये दुसरी आणि मुंबईत तिसरी असू शकते.

नामखूण म्हणजे काय?

कोणतेही नाव सांकेतिक भाषेत दोन प्रकारे सांगता येते. पहिला प्रकार बोटांच्या मुळाक्षरांचा. प्रत्येक अक्षरासाठी हाताची ठरावीक ठेवण असते आणि ती एकापाठोपाठ एक दाखवून नाव लिहिले जाते. अमेरिकेत ही मुळाक्षरे एका हाताने दाखवतात, ब्रिटनमध्ये आणि भारतात दोन्ही हातांनी. नवखे किंवा फारसे परिचित नसलेले नाव असेच सांगावे लागते. पण रोमन लिपीत ‘गोर्बाचेव्ह’ लिहायला नऊ अक्षरे लागतात. बातमीपत्रात तेच नाव दहा वेळा आले, तर दुभाष्याची दमछाक होते आणि पाहणाऱ्याचीही.

म्हणून दुसरा प्रकार येतो, तो नामखुणेचा. एका हालचालीत पूर्ण होणारे हे नाव त्या व्यक्तीसाठीच राखलेले असते. अमेरिकी अभ्यासक सॅम्युएल सुपाला यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नामखुणांवरील पुस्तकात त्यांचे दोन मुख्य वर्ग सांगितले आहेत. पहिला वर्णनात्मक. व्यक्तीचे रूप, सवय किंवा अंगावरची एखादी खूण यांवरून तो बनतो. दुसरा वर्ग आद्याक्षरांवरून बनणाऱ्या नावांचा. त्यात नावाच्या पहिल्या अक्षराची हस्तमुद्रा शरीरावरील ठरावीक जागी दाखवली जाते. एका हाताच्या मुळाक्षरांमुळे अमेरिकी भाषेत हा दुसरा वर्ग सहज रुजला.

वर्णनात्मक नामखुणेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण क्लेर यांचेच आहे. लहानपणी विस्तवात पडल्याने त्यांच्या गालावर व्रण राहिला होता. दोन बोटे गालावरून खाली फिरवली की क्लेर यांचे नाव होते. दोन शतके उलटली, तरी अमेरिकेतील कर्णबधिर शाळांमध्ये मुले आपल्या भाषेच्या या पूर्वसुरीला त्याच खुणेने ओळखतात. ऐकणाऱ्यांच्या जगात व्रणावरून नाव ठेवणे उणेपणाचे वाटेल. येथे मात्र त्यात अपमान नाही. जे डोळ्यांना प्रथम दिसते तेच नाव होते, एवढाच त्याचा अर्थ.

राजकीय नेते : रूप, लकब आणि टीकाही

राजकीय नेत्यांची नावे बहुधा याच वाटेने तयार होतात. सोव्हिएत संघाचे अखेरचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावरील जन्मखूण जगाने छायाचित्रांतून पाहिली होती. अनेक देशांच्या सांकेतिक भाषांत तीच खूण त्यांचे नाव झाली. नाकाखाली दोन बोटांनी दाखवलेली तोकडी मिशी हिटलरसाठी पुरेशी ठरते. डोनाल्ड ट्रम्प यांच्यासाठी अमेरिकेत रूढ झालेल्या खुणेत पसरलेला तळहात डोक्यावर ठेवून, केसांचा झुपका वाऱ्याने उचलला जावा तसा उघडतात. ही खूण कोणत्याही समितीने ठरवली नव्हती. ती वापरातून पसरली.

काही खुणांमध्ये राजकीय मत दडलेले असते. रिचर्ड निक्सन यांच्यासाठी अमेरिकेत प्रचलित असलेल्या एका खुणेत ‘एन’ या अक्षराची मुद्रा हनुवटीवरून आडवी नेली जाते. अमेरिकी सांकेतिक भाषेत ‘खोटे बोलणे’ याची खूण नेमक्या त्याच जागी, तशाच हालचालीने होते. वॉटरगेट प्रकरणामुळे ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. वृत्तपत्रांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले. हातांनी ते एका नावात सांगितले. जर्मनीत २००५ ते २०२१ या काळात चान्सेलर असलेल्या अँगेला मर्केल यांच्यासाठी ओठांचे कोपरे खाली ओढल्याची खूण रूढ झाली. व्यंगचित्रकार जसे एकच रेघ निवडतो, तशीच निवड येथे दिसते.

याच्या अगदी उलट, विचारपूर्वक घडवलेले नाव म्हणजे कमला हॅरिस यांचे. त्या जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्ष झाल्या, तेव्हा कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाच्या कर्णबधिर महिलांच्या एका गटाने त्यांच्यासाठी खूण सुचवली. तीन बोटे उघडत मनगट बाहेरच्या बाजूस वळवायचे, जणू पाकळ्या उमलत आहेत. ‘कमला’ या नावात कमळ आहे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही; अमेरिकी कर्णबधिरांना ते या खुणेने सांगितले. तीन बोटांनाही अर्थ होता. या पदावरील पहिली महिला, पहिली कृष्णवर्णीय आणि पहिली दक्षिण आशियाई वंशाची व्यक्ती, हे तीन मान त्यांतून दाखवले होते.

नामखुणांभोवती आख्यायिकाही तयार होतात. वॉशिंग्टनमधील अब्राहम लिंकन यांच्या भव्य पुतळ्याचे हात ‘ए’ आणि ‘एल’ ही आद्याक्षरे दाखवतात, असे सांगितले जाते. शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी त्यापूर्वी गॅलॉडेट यांचा पुतळा घडवला होता आणि १८६४ मध्ये कर्णबधिरांच्या महाविद्यालयाला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर लिंकन यांनीच स्वाक्षरी केली होती. त्यामुळे ही कथा पटण्यासारखी वाटते. तरीही शिल्पकाराचा तसा हेतू असल्याचा लेखी पुरावा नाही.

धर्मपुरुष : श्रद्धेचे चिन्ह हेच नाव

धार्मिक व्यक्तींच्या बाबतीत चेहऱ्यापेक्षा कथा महत्त्वाची ठरते. येशू ख्रिस्ताच्या खुणेत एका हाताचे मधले बोट दुसऱ्या तळहाताला आणि मग दुसऱ्याचे पहिल्याला लावतात. क्रुसावर ठोकलेल्या खिळ्यांच्या त्या जखमा होत. अमेरिकेसह अनेक देशांत ही खूण जवळपास तशीच आढळते. ‘ख्रिस्त’ या उपाधीसाठी अमेरिकी भाषेत ‘सी’ अक्षराची मुद्रा एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत नेतात. ‘राजा’ आणि ‘प्रभू’ या शब्दांसाठीही हालचाल तीच असते, केवळ अक्षराची मुद्रा बदलते. राजाच्या छातीवरील तिरका पट्टा त्यातून सूचित होतो. पोप यांच्यासाठी दोन्ही हातांनी डोक्यावरील उंच मुकुटाचा आकार रेखाटतात.

हिंदू देवतांच्या मूर्तींना आयुधे आणि मुद्रा असल्याने भारतीय सांकेतिक भाषेला सामग्रीची वाण नाही. ओठांशी आडवी धरलेली बासरी म्हणजे कृष्ण, नाकापासून खाली वळणारी सोंड म्हणजे गणपती, ताणलेले धनुष्य म्हणजे राम. ज्या धर्मपरंपरांत रूपचित्रण वर्ज्य मानले जाते, तेथे रूपावरून नाव देण्याची वाट अर्थातच योग्य ठरत नाही. इस्लामच्या प्रेषितांचा उल्लेख करताना दुभाष्याला ही जाण ठेवावी लागते.

अमेरिकी सांकेतिक भाषेतील संपूर्ण बायबल अनेक दशकांच्या कामानंतर २०२० मध्ये पूर्ण झाले. हे भाषांतर कागदावर नसून चित्रफितींवर आहे. त्यातील शेकडो व्यक्तींची नावे हातांवर कशी आणायची, हा प्रश्न भाषांतरकारांना टाळता येण्यासारखा नव्हता.

नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा?

या साऱ्यामागे एक अलिखित नियम आहे. नामखूण स्वतःची स्वतः ठेवायची नसते. ती कर्णबधिर समाजाने द्यायची असते. ऐकणाऱ्या व्यक्तीने, मग ती कितीही मोठी असो, पुस्तकात पाहून आपले नाव निवडणे शिष्टाचाराला धरून मानले जात नाही. नाव मिळणे म्हणजे समाजाने आपली दखल घेणे. कॅथरिन मेडो यांनी १९७७ मध्येच नामखुणांकडे ओळखीचे प्रतीक म्हणून पाहणारा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

जागतिक परिषदांमध्येही हाच संकेत पाळला जातो. जागतिक कर्णबधिर महासंघाने १९७५ मध्ये सुमारे १५०० खुणांचा आंतरराष्ट्रीय संग्रह काढला. पण वरून ठरवलेल्या खुणा फारशा रुजल्या नाहीत. ज्या देशाचे नाव घ्यायचे, त्या देशातील कर्णबधिर वापरतात तीच खूण घ्यावी, ही रीत अधिक मान्य झाली. चीन आणि जपान या देशांसाठी अमेरिकेत पूर्वी डोळ्यांच्या ठेवणीवर बोट ठेवणारी खूण होती. ती अपमानास्पद असल्याचे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकापासून त्या देशांच्या स्वतःच्या खुणा स्वीकारल्या जाऊ लागल्या. ज्यूंसाठी युरोपातील काही भाषांत वापरली जाणारी बाकदार नाकाची खूणही अशीच वादग्रस्त ठरली. एका व्यक्तीचे वैशिष्ट्य टिपणे वेगळे आणि त्याच पद्धतीने संपूर्ण समाजावर शिक्का मारणे वेगळे, हा भेद या वादांतून स्पष्ट झाला.

भारतातील चित्र

भारतात दूरदर्शनवर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्णबधिरांसाठी साप्ताहिक बातमीपत्र सुरू झाले आणि देशोदेशीच्या नेत्यांची नावे सांकेतिक भाषेत घेण्याची नियमित गरज निर्माण झाली. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण देशभर बरेचसे समान असले, तरी शब्दसंग्रहात प्रांतागणिक फरक आढळतो. महात्मा गांधींचे उदाहरण घेतले, तर गोल चष्मा, काठी, टक्कल, चरखा अशी कितीतरी वैशिष्ट्ये समोर येतात. त्यांतील कोणते नाव म्हणून रूढ व्हावे, हे त्या त्या ठिकाणचा समाज ठरवतो.

प्रमाणीकरणाचे प्रयत्न अलीकडचे आहेत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. या केंद्राच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती २०१८ मध्ये ३००० शब्दांची होती. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती संख्या १०,००० झाली. त्याच वर्षी माध्यमिक स्तरावर भारतीय सांकेतिक भाषेला भाषाविषयाचा दर्जा मिळाला.

नामखुणेचे महत्त्व महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत विशेष जाणवते. दुभाष्याने एखाद्या परदेशी नेत्याचे नाव रोमन अक्षरांनी बोटांवर लिहिले, तर देवनागरीत शिकणाऱ्या मुलाला ते वाचता येईलच असे नाही. अक्षरे समोरून झरझर निघून जातात आणि बातमी कोणाची होती, हेच समजत नाही. निवडणूक असो वा युद्ध, ‘कोण’ हे कळल्याशिवाय ‘काय’ कळत नाही. एक रूढ, सर्वमान्य खूण ही अडचण क्षणात दूर करते.

बारावी भाषा

जोहान्सबर्गच्या त्या सोहळ्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या सांकेतिक भाषेला देशाची बारावी अधिकृत भाषा म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती करण्यात आली. दरवर्षी २३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन पाळला जातो. १९५१ मध्ये याच दिवशी रोम येथे जागतिक कर्णबधिर महासंघाची स्थापना झाली होती. नेते येतात आणि जातात, त्यांच्या खुणाही काही काळाने विस्मरणात जातात. पण सत्ताधीशाला नाव देण्याचा, वेळप्रसंगी त्या नावातूनच त्याला जाब विचारण्याचा अधिकार प्रत्येक भाषिक समाजाला असतो. कर्णबधिर समाज तो अधिकार आपल्या हातांनी बजावत आला आहे.