समाजी हसाजी दिवेकर : पलटणीतला अधिकारी, पहिल्या मशिदीचा कर्ता

आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या या स्मरणिकेत बेने इस्राएल समाजाचे पहिले सिनेगॉग बांधणाऱ्या सद्गृहस्थाचे स्मरण करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे त्यांचे नाव. पलटणीत व समाजात मात्र ते समाजी हसाजी. शमुएलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी आणि दिवे गावचे म्हणून दिवेकर! इस्राएलमध्ये जन्मलेल्या आपल्या नातवंडांना हे नाव यहुद्याचे आहे, हे पटवून द्यावे लागते.

समाजी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात अधिकारी होते. १७८० ते १७८४ या काळातील दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. पुढची कथा आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. कैद्यांना जात विचारली, तेव्हा त्यांनी "बेने इस्राएल" असे सांगितले. हे नाव कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचे प्राण वाचले. कथा गोड आहे. पण आम्हाला समाजींचा मोठेपणा दिसतो तो सुटकेनंतरच्या त्यांच्या करणीत.

नवस फेडण्याची आपली रीत म्हणजे एलियाहू हन्नबीचे नाव घेऊन मलिदा करणे. समाजींनी सुटकेबद्दल परमेश्वराचे आभार मानले ते मशीद बांधून. होय, मशीदच, आपले आजी-आजोबा सिनेगॉगला हाच शब्द वापरीत. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात ती उभी राहिली. तोवर कोकणातल्या आपल्या पूर्वजांनी शब्बाथ पाळला, मुलांची सुंता केली, शेमा म्हटला, पण सर्वांनी मिळून प्रार्थनेस जमावे अशी वास्तू त्यांच्याजवळ नव्हती.

वास्तू झाली, तरी सेफेर तोरा हवा. तो आणण्यासाठी समाजी कोचीनला गेले. तेथील यहुद्यांकडे धर्माचे ज्ञान होते, हजान होते, पोथ्या होत्या. पण १७९७ साली कोचीनमध्येच त्यांचे देहावसान झाले. ज्या मशिदीसाठी ते गेले, तिच्यात त्यांना परत येता आले नाही.

कोचीनशी जुळलेले नाते मात्र टिकले. एकोणिसाव्या शतकात तेथील शिक्षक येऊन आपल्या लोकांना हिब्रू प्रार्थना शिकवू लागले. अलिबागेस १८४८ मध्ये व पनवेलीस १८४९ मध्ये सिनेगॉगे झाली. पलटणीतून आणि पुढे पोलीस खात्यातून पेन्शन घेऊन आलेली कितीतरी मंडळी अशा कामांत पुढे असत.

समाजींची मशीद १८६० साली नव्या जागेत बांधण्यात आली व १८९६ मध्ये, शंभर वर्षे पुरी होताना, तिला शाआर हाराहमीम, म्हणजे दयेचे द्वार, हे नाव मिळाले. मुंबईस जाणाऱ्या मंडळींनी मस्जिद स्टेशनवर उतरून तेथे अवश्य जावे. रस्त्याचे नाव सॅम्युएल स्ट्रीट. तो सॅम्युएल म्हणजे आपले समाजी.